पांढऱ्या उंदरांचा संसार

आजच्या भाषणाचा विषय कानावर पडताच काही घरांतून हसू उमटले असेल. उंदीर घरातून घालवावा कसा, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. तो घरात पाळावा कसा, आणि पाळल्यावर त्याच्या कुटुंबाची वाढ आवरावी कशी, हे सांगणारा मात्र सहसा भेटत नाही. परंतु काळ बदलला आहे. शहरातील दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात कुत्र्यास जागा नसते, मांजर शेजाऱ्यांस नको असते, आणि मुलांना तर एखादा जिवंत सोबती हवा असतो. अशा वेळी पांढऱ्या उंदरांची, गिनिपिगांची, क्वचित् हॅम्स्टर नावाच्या सोनेरी प्राण्याची जोडी पिंजऱ्यातून घरात येते. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात, म्हणजे आजच्या महात्मा फुले मंडईत, असे प्राणी बरीच वर्षे विकले जात आले आहेत. 'एकट्याला करमणार नाही' म्हणून दोन घ्यावयाचे, हा बहुतेकांचा रिवाज. आणि ह्या रिवाजातूनच पुढील सारी अडचण उत्पन्न होते.

मी राहतो आरमोरीस, वैनगंगेच्या खोऱ्यात, गडचिरोली जिल्ह्यात. आमच्याकडे उंदराशी असलेली ओळख ही शत्रुत्वाची. धान पिकू लागले की बांधीच्या धुऱ्यांत घुशींची बिळे दिसू लागतात आणि लोंब्या कातरून त्यांत साठविल्या जातात. ह्या प्राण्यांच्या वाढीचा वेग शेतकऱ्यास सांगावा लागत नाही. तो त्याच्या कणगीवरूनच त्याला कळतो. परंतु शेतात ज्याचा अनुभव पिढ्यान् पिढ्या आहे, त्याच गोष्टीने पिंजऱ्यापुढे बसलेला सुशिक्षित गृहस्थ चकित होतो. असाच एक प्रसंग मी आपणांस सांगतो, कारण ह्या विषयाचे सारे मर्म त्यात आलेले आहे.

माझा एक जुना विद्यार्थी नागपुरास नोकरीस असतो. त्याने मुलांच्या हट्टापायी पांढऱ्या उंदरांची एक जोडी आणली. यथाकाल मादी गाभण राहिली. एका महिन्याच्या १ तारखेस संध्याकाळी पिंजऱ्यातील कापसात सहा लालबुंद पिल्ले दिसली. गृहस्थ विचारी. वाढ नको म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याने बाजारातून दुसरा पिंजरा आणला व नरास त्यात ठेवले; तोही अगदी वेगळ्या खोलीत. पुढे पिल्लांना लव आली, डोळे उघडले, ती पिंजऱ्यात धावू लागली. आणि २७ तारखेस पाहतात तो मादीजवळ आणखी पाच नवी पिल्ले! घरातील आजीबाईंनी 'देवाची करणी आणि नारळात पाणी' म्हणून हात जोडले. मुलगा मात्र गणिताचा विद्यार्थी. त्याने मला लिहिले, "गुरुजी, उंदराचा गर्भकाल वीस-एकवीस दिवसांचा, असे पुस्तकात वाचतो. नर वेगळा करून पंचवीस दिवस झाले. मग नर गेल्यावर चार दिवसांनी मादीस गर्भ राहिला काय? हे गणित सुटत नाही."

श्रोतेहो, हे गणित सुटते. मात्र त्याच्या दोन पायऱ्या आहेत, आणि त्या दोन्ही विलक्षण आहेत.

पहिली पायरी अशी. गाय व्याली म्हणजे ती पुन्हा माजावर येण्यास साधारणपणे महिना-दोन महिने लागतात, हे आपणांस ठाऊक आहे. बाईमाणसाच्या बाबतीत मूल अंगावर पीत असेल तर पाळणा आणखी लांबतो. उंदराच्या मादीची गोष्ट निराळी. पिल्ले पोटात असतानाच, गर्भकालाच्या अखेरीस, तिच्या बीजकोशात पुढील बीजे पिकू लागलेली असतात. प्रसूती होताच गर्भ धरून ठेवणारा रसस्राव ओसरतो, आणि व्याल्यापासून चोवीस तासांच्या आत, बहुधा पहिल्याच रात्री, ती माजावर येते व नराचा स्वीकार करते. म्हणजे एका अंगाने ती नवजात पिल्लांस पाजीत असते आणि दुसऱ्या अंगाने पुढच्या वेताचा पाया घातला जात असतो. माझ्या विद्यार्थ्याने पिल्ले पाहिली संध्याकाळी आणि नर हलविला सकाळी. मध्ये गेली ती एकच रात्र. परंतु नेमकी तीच रात्र महत्त्वाची होती.

येथे दुसरीही एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ही एक रात्र नराविना गेली, तर पिल्ले अंगावर पीत आहेत तोपर्यंत मादी बहुधा पुन्हा माजावर येत नाही. पिल्लांचे दूध तुटल्यावर मात्र थोड्याच दिवसांत येते. म्हणजे निसर्गाने दार उघडले ते एकाच दिवसापुरते, आणि मग तीन आठवडे ते लोटून घेतले. ज्याला वाढ आवरावयाची आहे त्याने तो एक दिवस सांभाळावयाचा. पण तो दिवस येणार केव्हा, हे पिल्ले दिसल्यावर कळून उपयोग नाही. ते आधी कळले पाहिजे.

आता दुसरी पायरी. गर्भ राहिला १ तारखेच्या रात्री असे धरले, तर पिल्ले २१-२२ तारखेस व्हावयास हवी होती. ती २७ तारखेस का झाली? ह्याचे उत्तर असे की, गर्भ राहिला, परंतु तो थांबून राहिला. बीज फळल्यावर चार-पाच दिवसांत त्याचा पेशींचा एक सूक्ष्म गोळा बनतो आणि तो गर्भाशयाच्या भिंतीस चिकटतो. मादी पिल्लांस पाजीत असेल तर मात्र हे गोळे गर्भाशयात नुसते पडून राहतात. ते मरत नाहीत व वाढतही नाहीत. पाजण्याच्या क्रियेमुळे शरीरातील एका रसस्रावाची उणीव राहते, आणि ती भरून येईपर्यंत गर्भ जणू उंबरठ्यावर थांबतो. अंगावर पिणारी पिल्ले जितकी अधिक, तितका हा खोळंबा बहुधा लांबतो. काही दिवसांपासून आठवडाभर, कधी त्याहूनही अधिक. फर्नां लातास्त नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९१ साली कुरतडणाऱ्या प्राण्यांतील ही गोष्ट प्रथम नमूद केली. पहिल्या पिल्लांनी दूध सोडावे आणि दुसऱ्यांनी तोंड लावावे, अशी ही निसर्गाची वेळापत्रके जुळविण्याची हातोटी आहे. तेव्हा नर गेल्यावर पंचवीस दिवसांनी पिल्ले झाली ह्यात चमत्कार काहीच नव्हता. नर गेला त्या वेळी गर्भ तेथे होताच.

असे घाईचे मातृत्व निसर्गाने ह्या प्राण्यास का दिले असावे? उंदराला वाघाचे पंजे नाहीत, सापाचे विष नाही, कासवाची ढाल नाही. घुबड, साप, मुंगूस, घार, मांजर ही सारी त्याच्यावर जगतात. रानातील उंदरास वर्षभराचे आयुष्य लाभणे हीच दुर्मिळ गोष्ट. आज व्यालेली मादी पुढच्या महिन्यात असेलच अशी शाश्वती नाही, म्हणून तिला एक दिवसही वाया घालविणे परवडत नाही. तिचे एकच शस्त्र, ते म्हणजे संख्या. शंभर मरावयाचे असतात म्हणूनच शंभर जन्मास येतात, आणि रानात हा जमाखर्च बरोबर मिळतो.

पिंजऱ्यात मात्र ह्या जमाखर्चातील खर्चाची बाजू आपण पुसून टाकतो. तेथे घुबड नाही, साप नाही. दाणापाणी वेळेवर, ऊब भरपूर. जमेची बाजू मात्र पूर्वीच्याच वेगाने चालू राहते. जुन्या सवयीने मी ह्याचे एक उदाहरण फळ्यावर मांडून पाहिले. एका वेतास सहाच पिल्ले धरू. प्रत्यक्षात आठ-दहाही होतात. नर-मादी एकत्र ठेवल्यापासून २० व्या दिवशी पहिली सहा पिल्ले. त्याच रात्री पुन्हा गर्भ राहून, खोळंबा धरून, ४६ व्या दिवशी आणखी सहा. ७२ व्या दिवशी आणखी सहा. मध्यंतरी पहिल्या वेतातील तीन माद्या सहा आठवड्यांच्या, म्हणजे वयात आलेल्या, झाल्या. त्या ६२ व्या दिवशी गाभण राहिल्या असे धरले तर ८२ व्या दिवशी त्यांची अठरा पिल्ले. मूळची दोन, आईची अठरा, लेकींची अठरा, मिळून ३८. आणि अजून तीन महिनेदेखील पुरे झालेले नाहीत! दुसऱ्या वेतातील माद्या तर आठवडाभरात वयात येणारच आहेत. भाऊ-बहीण, बाप-लेक हा विचार ह्या समाजात नाही, हे वेगळे सांगावयास नको.

आता सर्वच प्राणी ह्या बाबतीत सारखे नसतात. म्हणून आपण काय पाळले आहे हे आधी नीट जाणून घ्यावे. मोठा पांढरा उंदीर, ज्यास इंग्रजीत रॅट म्हणतात, त्याचा गर्भकाल २१ ते २३ दिवसांचा. तो लहान उंदराप्रमाणेच व्याल्यावर एका दिवसाच्या आत माजावर येतो. पिल्ले मात्र अधिक. एका वेतास आठ-दहा-बारापर्यंत.

गिनिपिगाचे नाव फसवे आहे. तो डुक्करही नव्हे आणि गिनी देशाचाही नव्हे. दक्षिण अमेरिकेतील आंदीज पर्वताच्या प्रदेशात माणसाने तो हजारो वर्षांपासून पाळला आहे. त्याचा गर्भकाल लांब, ५९ ते ७२ दिवसांचा. पिल्ले दोन ते चारच. परंतु ती जन्मतःच केसाळ, उघड्या डोळ्यांची, दात आलेली, आणि थोड्याच वेळात धावू लागणारी. ह्यावरून कित्येकांचा समज होतो की, ह्या सावकाश विणाऱ्या प्राण्याची घाई उंदरासारखी नसावी. तो समज चुकीचा आहे. गिनिपिगाची मादी व्याल्यापासून काही तासांतच पुन्हा माजावर येते, आणि नर जवळ असेल तर बहुधा त्याच दिवशी गाभण राहते. विचार करा: दोन महिन्यांहून अधिक काळ तिने ओझे वाहिले; ते ओझेही लहान नव्हे, शेवटी शेवटी पोटातील पिल्लांचे वजन तिच्या स्वतःच्या वजनाच्या निम्म्यास येऊन भिडते; आणि ते उतरविते न उतरविते तोच दुसरे ओझे. नर कायम जवळ ठेवल्यास वर्षातून पाच वेते होऊ शकतात. असे चालल्यास मादी झिजते, तिचे केस गळतात, आणि गरोदरपणीच्या विषबाधेने ती दगावते देखील.

गिनिपिगाविषयी आणखी एक धोका सांगावयास हवा. मादीचे पहिले बाळंतपण तिच्या वयाच्या सहा-सात महिन्यांच्या आत झाले नाही, तर तिच्या कटीच्या हाडांचा पुढील सांधा घट्ट होऊन बसतो. मग मोठ्या डोक्याची पिल्ले बाहेर येताना वाट मिळत नाही. म्हणून वर्षाची झालेली, कधीही न व्यालेली मादी हौसेने नराजवळ सोडणे म्हणजे तिच्या जिवाशी खेळणे होय. तिला तशीच सुखाने राहू द्यावी.

सोनेरी हॅम्स्टरची तऱ्हा अगदी वेगळी. त्याचा मूळ इतिहास मनोरंजक आहे. १९३० साली जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ आहारोनी ह्यांना सीरियातील अलेप्पो शहराजवळ जमिनीखालील बिळात एक मादी व तिची पिल्ले सापडली. ती पेटीत घालताच घाबरलेल्या आईने एक पिल्लू मारून टाकले. वाचलेल्यांपैकी थोड्या पिल्लांची वीण पुढे वाढली, आणि आज जगभरच्या घरांत व प्रयोगशाळांत दिसणारे बहुतेक सोनेरी हॅम्स्टर त्यांचेच वंशज आहेत. ह्याचा गर्भकाल अवघा सोळा दिवसांचा. परंतु मौज अशी की, ही मादी व्याल्याबरोबर गर्भ धारण करीत नाही. पिल्लांचे दूध तुटल्यावर काही दिवसांनीच ती नराचा स्वीकार करते. एरवी ती नरावर तुटून पडते, म्हणून हे प्राणी एकेकटेच ठेवावयाचे असतात. अलेप्पोच्या त्या आईने जे केले तेच घरातील मादीही करू शकते: व्याल्यावर कोणी वारंवार डोकावू लागले तर ती पिल्ले खाऊन टाकते.

सशाचाही येथे उल्लेख करतो, जरी तो शास्त्राप्रमाणे ह्या वर्गात बसत नाही. त्याच्या वरच्या पुढील दातांमागे बारीक दातांची दुसरी जोडी असते, म्हणून त्याचा गट वेगळा मानितात. परंतु व्याल्याबरोबर पुन्हा गाभण राहण्याच्या बाबतीत तो उंदीर-गिनिपिगांच्याच पंगतीस बसतो. गर्भकाल सुमारे ३१ दिवस. पाळीव सशाविषयीही पुढील नियम ध्यानात ठेवावे.

आपल्या महाराष्ट्रात ह्या प्राण्यांचा संबंध केवळ करमणुकीशी नाही, हेही सांगितले पाहिजे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. वाल्देमार हाफकिन ह्यांनी प्लेगची लस तयार केली व १८९७ च्या जानेवारीत ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्यांची प्रयोगशाळा १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली. १९२५ पासून तीस हाफकिन इन्स्टिट्यूट असे नाव मिळाले. उंदरांचा रोग माणसांपर्यंत पोहोचतो कसा, हा त्या काळचा मोठा प्रश्न होता. ग्लेन लिस्टन ह्यांनी प्लेगच्या घरांतून गिनिपिग सोडले, आणि थोड्याच वेळात त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा गोळा झालेल्या दिसल्या. पुढे १९०५ पासून प्लेग कमिशनने परळास मुद्दाम बांधलेल्या लहान लहान कोठड्यांतून रोगी व निरोगी गिनिपिग एकत्र ठेवून पाहिले. जेथे पिसवा होत्या तेथे रोग पसरला. जेथे नव्हत्या तेथे शेजारी राहूनही पसरला नाही. प्लेगचा दूत पिसू आहे, ही गोष्ट अशा रीतीने परळास पक्की झाली. नंतर साहिबसिंग सोखी ह्यांच्या कारकिर्दीत प्लेगच्या प्रयोगांसाठी तेथे पांढऱ्या उंदरांचा उपयोग करण्यात आला. पुण्यास १९५२ साली स्थापन झालेल्या विषाणू संशोधन केंद्रासही, जे आज राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था म्हणून प्रसिद्ध आहे, रोगजंतू ओळखण्यासाठी उंदरांच्या अगदी तान्ह्या पिल्लांची गरज लागत असे.

अशा संस्थांस अमुक दिवशी अमुक वयाचे प्राणी हवे असतात. म्हणून ह्या विद्येत दोन रीती प्रचारात आल्या. एक रीत अशी की, नर कायम माद्यांत ठेवावयाचा आणि व्याल्यानंतरच्या त्या एका दिवसाचा लाभ घ्यावयाचा. पिल्ले भराभर मिळतात, पण मादी लवकर थकते, व सात-आठ महिन्यांनी तिला कामातून काढावी लागते. दुसरी रीत अशी की, मादी गाभण दिसताच तिला वेगळी करावयाची, तिने पिल्ले वाढवावयाची, दूध तुटल्यावर विश्रांती घ्यावयाची, आणि मग हवे असल्यास पुन्हा नराजवळ जावयाचे. पहिली रीत गरजेची आहे. घरी प्राणी पाळणाऱ्यास ती गरज नाही. म्हणून त्याने दुसरीच रीत धरावी.

ह्यावर कोणी म्हणेल की, निसर्गाच्या कामात आपण हात का घालावा? आमच्या आरमोरीचे कोसा पिकविणारे लोक ह्यास चांगले उत्तर देतील. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर कोशाचे किडे वाढविणाऱ्या माणसास बियाण्याचे कोश राखावे लागतात. त्यातून पाखरे बाहेर पडली की रात्री जोड्या लागू देतात आणि सकाळी नर-मादी अलग करून मादीस अंडी घालावयास स्वतंत्र ठेवितात. जोडी लावणे आणि जोडी सोडविणे, दोन्ही त्यांच्या धंद्यातच येतात. जनावर आपण आपल्या छपराखाली घेतले, त्याच क्षणी निसर्गाच्या कामात हात घातला. पुढचा हिशेब टाळता येत नाही.

आता घरी काय करावे ते थोडक्यात सांगतो.

प्रथम, विकत घेताना नर-मादी ओळखून घ्यावे. दुकानदाराच्या शब्दावर विसंबू नये. उंदरांत मूत्रद्वार व गुदद्वार ह्यांतील अंतर नरात मादीच्या जवळजवळ दुप्पट असते. दोन पिल्ले शेजारी धरून पाहिली तर फरक चटकन दिसतो. दहा दिवसांच्या मादी-पिल्लाच्या पोटावर स्तनांचे ठिपकेही दिसतात. सोबतच हवी असेल तर दोन बहिणी एकत्र ठेवाव्या. त्या आनंदाने राहतात, आणि संख्येचा प्रश्नच येत नाही. हॅम्स्टर मात्र एकटाच बरा.

दुसरे, मुलांना एकदा पिल्ले दाखवावयाचीच असतील तर ती ठरवून होऊ द्यावी. आधी पिल्लांसाठी घरे शोधावी आणि मग नर मादीजवळ सोडावा; तारीख भिंतीवरील कॅलेंडरावर लिहून ठेवावी. लहान उंदराच्या बाबतीत सतराव्या दिवसापर्यंत, मोठ्या उंदराच्या बाबतीत विसाव्या दिवसाच्या आत, गिनिपिगाच्या बाबतीत पन्नासाव्या दिवसाच्या आत नर दुसऱ्या पिंजऱ्यात गेलाच पाहिजे. तारीख ठाऊक नसेल तर पोट दिसू लागताच हलवावा. पिल्ले दिसल्यावर हलविणे म्हणजे घोडा पळाल्यावर तबेल्यास कुलूप लावणे होय.

तिसरे, गाभण व पाजणाऱ्या मादीची बडदास्त. तिला पाणी सतत हवे. दूध त्यातूनच होते. नेहमीच्या ज्वारी-गव्हाबरोबर भिजविलेले हरभरे, मूग, थोडे उकडलेले अंडे द्यावे. गिनिपिगास माणसाप्रमाणेच क जीवनसत्त्व शरीरात तयार करता येत नाही. १९०७ साली नॉर्वेतील होल्स्ट व फ्रोलिख ह्यांनी स्कर्व्ही रोगाचा शोध ह्याच प्राण्यावर घेतला. म्हणून त्यास रोज ताजा हिरवा पाला, कोथिंबीर, पेरूची फोड मिळाली पाहिजे, गाभणपणी तर अधिकच. घरट्यासाठी कोरडी तणस किंवा साध्या कागदाचे तुकडे द्यावे. व्याल्यावर आठवडाभर पिल्लांस हात लावू नये, पिंजरा हलवू नये, मित्रमंडळी जमवून तमाशा करू नये. भीती, तहान, उपासमार किंवा गर्दी ह्यांमुळे आई पिल्ले खाते. मुलांना त्याचा धक्का बसतो व ती तिला दुष्ट म्हणतात. ती दुष्ट नसते. ही पिल्ले वाचणार नाहीत, असे तिच्या शरीराने ठरविलेले असते.

चौथे, दूध तुटण्याचा दिवस चुकवू नये. उंदरांची पिल्ले तीन आठवड्यांनी स्वतंत्र होतात. त्यानंतर आठवड्याच्या आत नर एकीकडे व माद्या एकीकडे कराव्या. गिनिपिगाचे नर-पिल्लू तीन आठवड्यांचे होताच आईपासून व बहिणींपासून दूर करावे, कारण त्याच्या बहिणी महिना-सव्वा महिन्यातच वयात येऊ शकतात.

पाचवे, घरातील माणसांची काळजी. पिंजरा साफ केल्यावर हात साबणाने धुवावे. घरात गरोदर स्त्री असेल तर उंदीर अथवा हॅम्स्टर ह्यांचा पिंजरा साफ करण्याचे काम तिने करू नये. ह्या प्राण्यांपासून क्वचित् लागणारा एक विषाणू पोटातील बाळास अपाय करू शकतो. आणि शेवटी, खार, शेकरू, साळिंदर ह्यांची पिल्ले रानातून आणून पाळण्याचा मोह कोणी धरू नये. आमच्या जंगलात ती आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर रानटी प्राणी घरी आणून ठेवणे ही हौस राहिलेली नसून गुन्हा ठरू शकतो.

आता राहिला सर्वांत अवघड प्रश्न. संख्या वाढलीच, तर पुढे काय? मारणे बहुतेक घरांस मानवत नाही. ज्या देवाचे वाहनच मूषक, त्याचा उत्सव ज्या घरी दहा दिवस होतो, तेथे पिंजऱ्यातील मूषकावर हात उचलणार कोण? मग कित्येकजण काय करतात, तर एका संध्याकाळी पिंजरा घेऊन गावाबाहेर जातात आणि दार उघडून देतात. त्यांस वाटते की आपण त्या जिवांस स्वातंत्र्य दिले. पांढरा रंग, लाल डोळे, आणि आयुष्यात कधी भक्ष्य शोधावे लागले नाही असा जीव. उघड्या माळावर कावळ्याच्या आणि मांजराच्या दृष्टीस तो लपत नाही. त्यातूनही जो जगला तो जगतो कोणाच्या तरी कणगीवर. प्राण्यांस उपासमारीच्या स्थितीत सोडून देणे हे १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याप्रमाणे क्रौर्यच मानले आहे, आणि कायदा नसता तरी ते क्रौर्यच ठरले असते.

म्हणून मारावयाचे नाही, सोडावयाचे नाही, तर वाढूच द्यावयाचे नाही, हा एकच सरळ मार्ग उरतो. माझ्या विद्यार्थ्याने अखेर तेच केले. अकरा पिल्लांपैकी ज्यांस घरे मिळाली ती गेली. उरलेल्यांचे नर व माद्या त्याने दोन पिंजऱ्यांत कायमचे वेगळे केले. ते आपले दोन-अडीच वर्षांचे आयुष्य घरीच पुरे करतील. घरातील मुले आता दाणापाणी देतात आणि वहीत नोंदी ठेवितात.

माणसाच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेने एका बाळंतपणानंतर पुढील गर्भधारणेपर्यंत निदान दोन वर्षांचे अंतर असावे, अशी शिफारस केली आहे, कारण आईचे शरीर भरून यावयास तितका वेळ लागतो. पिंजऱ्यातील आईस असा सल्ला देणारा कोणी नाही. तिला निसर्गाने एका रात्रीचीही उसंत ठेविलेली नाही, आणि रानात जो शत्रू तिची ही धावपळ थांबवितो तो आपण दूर केलेला आहे. तेव्हा तिला विश्रांती मिळावयाची असेल तर ती आपल्याच हातून, नराचा पिंजरा वेळेवर हलविण्याच्या त्या दोन मिनिटांच्या कामातून, मिळाली पाहिजे. आपल्या घरी अशी जोडी असेल, तर आज रात्रीच एकदा पिंजऱ्यात पाहून घ्यावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.